विद्यार्थी भीमराव : वेळेचा हिशेब



पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, पुस्तकांचा संच हाती आला, की काही दिवसांतच प्रश्न उभा राहतो : हे सारे वाचायचे कधी? चार श्रेयांकांच्या एका अभ्यासक्रमासाठी साधारण 120 तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. चाकणच्या किंवा भोसरीच्या कारखान्यात आलटूनपालटून तिन्ही पाळ्या करणाऱ्याने आठ तासांची पाळी, कंपनीच्या बसमधला प्रवास, झोप आणि घरची कामे वजा केली, तर हातात काय उरते हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून या पाठासाठी आपण असे चरित्र निवडले आहे, ज्यात वेळेची ही ओढाताण पानोपानी दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव तुमच्या परिसराला परके नाही. देहूरोडच्या विहारात 25 डिसेंबर 1954 रोजी त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, आणि जवळच तळेगाव दाभाडे येथे त्यांचा बंगला होता. मात्र येथे आपल्याला संविधानाचे शिल्पकार पाहायचे नाहीत. पाहायचा आहे तो, ज्याच्यापाशी पुस्तक ठेवायलाही पुरेशी जागा नव्हती असा विद्यार्थी.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोली व सातारा येथे राहिले आणि पुढे मुंबईत आले. परळच्या डबक चाळीत एक खोली मिळाली. स्वयंपाक, भांडीकुंडी, माणसे, सरपण, धूर हे सारे त्या एका खोलीत. संध्याकाळी तेथे अभ्यास होणे अशक्य होते. त्यावर रामजींनी काढलेला तोडगा चरित्रकारांनी नोंदवला आहे. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागत बसायचे, रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवायचे आणि त्याने सोडलेल्या जागेवर आपण आडवे व्हायचे. मग रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचन. तुमच्यापैकी जे ‘कॉट बेसिस’वर राहतात, एक जण पाळीवरून परतताना दुसऱ्याला निघताना पाहतात, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. या प्रसंगातून सहसा मुलाची चिकाटी सांगितली जाते. मला त्यात बापाचे जागरण अधिक महत्त्वाचे वाटते. त्या खोलीत शांततेचे चार तास आपोआप मिळणारे नव्हते. ते कोणीतरी स्वतःच्या झोपेतून काढून दिले होते. पुस्तकांसाठी हेच रामजी विवाहित मुलींकडे हात पसरत आणि प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवत.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण 750 पैकी 282 होते. आजच्या गुणपत्रिकांच्या मापाने हा आकडा कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. 1912 साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1913 मध्ये, रामजींचे निधन झाले.

त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार. या मुदतीत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. बेरीज साठ होते. एवढे ओझे कोणी हौसेने घेत नाही. दार किती काळ उघडे राहणार हे ठाऊक असलेल्या माणसाने ते घेतले होते. 1915 मध्ये त्यांनी एम. ए. पूर्ण केले, मे 1916 मध्ये जातिव्यवस्थेवरील निबंध वाचला आणि जूनमध्ये प्रबंध सादर केला.

यानंतरचा भाग चरित्रांमधून भराभर उरकला जातो, पण नव्या विद्यार्थ्याने नेमका तोच थांबून वाचावा. ऑक्टोबर 1916 मध्ये ते लंडनला गेले; लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक अत्यंत व्यवहारी काम केले : चार वर्षांच्या आत येऊन शिक्षण पुढे सुरू करण्याची रीतसर परवानगी मिळवली. महायुद्ध चालू होते. पुस्तकांचे सामान ज्या जहाजातून येत होते ते बुडाले. बडोद्यात अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, कचेरीत अवहेलना झाली, आणि नोकरी सोडावी लागली. नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले. त्या पगारातून त्यांनी पैसा साठवला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि 1920 साली, परवानगीची मुदत उलटण्यापूर्वी, ते पुन्हा लंडनला पोहोचले. खंड पडणे आणि शिक्षण सुटणे या दोन गोष्टींत अंतर असते. ते अंतर त्या एका परवानगीने राखले होते.

लंडनमध्ये ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस काढत, अर्धपोटी राहत आणि रात्री खोलीवर पुन्हा वाचत. याच काळावरून अठरा तास अभ्यासाची कथा लोकमानसात रुजली, आणि आज एप्रिलमध्ये अनेक महाविद्यालयांत अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात. उपक्रम चांगला आहे. तुम्हीही एकदा बसून पाहा. पण रात्रपाळी करून आलेल्याने रोजचे मोजमाप म्हणून तो आकडा समोर ठेवू नये. बाबासाहेबांच्या बाबतीतही तेवढेच पाहिले तर चित्र अपुरे राहते, कारण त्यांनी काही गोष्टी सोडूनही दिल्या. 1921 साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात त्यांनी नाव नोंदवले होते. उपस्थितीअभावी पुढच्या वर्षी ते कमी झाले. लंडनचा अभ्यास आणि बॅरिस्टरी हाती असताना तिसरे ओझे पेलले नाही, एवढाच त्याचा अर्थ. 1921 मध्ये एम. एस्सी. झाली आणि 1922 मध्ये ते बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांच्या आक्षेपांमुळे फेरलेखनासाठी परत आला. तोवर पैसे संपले होते. 1923 च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, दुरुस्त्या येथून करून पाठवल्या, आणि वर्षअखेरीस पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच. डी. तर प्रबंध छापून सादर झाल्यावर, 1927 साली हाती आली. काम संपल्यानंतर अकरा वर्षांनी.

या साऱ्या वर्षांचा घरचा जमाखर्च रमाबाईंनी सांभाळला. विवाह 1906 मध्ये झाला तेव्हा त्या जेमतेम नऊ वर्षांच्या होत्या. पती परदेशी असताना परळच्या चाळीत तुटपुंज्या पैशांत त्यांनी संसार रेटला. पाच अपत्यांपैकी चार दगावली, एकटे यशवंत वाचले. परळच्या खोलीत जे जागरण रामजींनी केले, त्याचा पुढचा हप्ता रमाबाईंनी भरला. तुम्ही तुमच्या आठवड्याचे वेळापत्रक आखाल तेव्हा अभ्यासाच्या प्रत्येक तासासमोर आणखी एक रकाना ठेवा : या वेळात माझे काम कोण करत आहे? डबा कोण भरते, मूल कोण सांभाळते, आपली पाळी कोणता सहकारी बदलून देतो? तो रकाना तुमच्या घरच्यांसोबत बसून भरला, तर वेळापत्रक टिकण्याची शक्यता वाढते. शिवाय कोणावर किती भार पडतो आहे हे उघड बोलता येते.

रमाबाईंचे निधन 27 मे 1935 रोजी झाले. 1940 च्या अखेरीस ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा बाबासाहेबांनी तो त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. अर्पणपत्रिकेत त्यांनी आपल्या पदव्यांविषयी काही लिहिले नाही. हलाखीच्या, मित्रहीन दिवसांत रमाबाईंनी आपल्याबरोबर जे सोसले, त्याची नोंद केली.