आय, जे, के आणि जॉन बॅकस

सी मध्ये लूप लिहिताना आपण सगळे व्हेरिएबलला 'आय' हेच नाव का देतो? माझ्या मते याचं बरंचसं श्रेय जॉन बॅकसला जातं.

बॅकसचा जन्म १९२४ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. हजेरी नाही म्हणून पहिलं कॉलेज सुटलं, मेडिकलही अर्धवट सोडलं. (मित्रांनो, आपल्यालाही आशा आहे!) शेवटी कोलंबिया विद्यापीठात तो गणितात रमला आणि १९५० मध्ये आयबीएममध्ये लागला.

१९५७ मध्ये त्याच्या टीमने फॉर्ट्रन ही भाषा आणली. गणितात अनुक्रमांकाला आय, जे, के म्हणायची पद्धत होतीच. तोच नियम झाला: नावाचं पहिलं अक्षर आय ते एन यांपैकी असेल तर पूर्णांक, नाहीतर दशांश संख्या. प्रकार जाहीर करायची गरजच नाही. सोय मस्त, पण स्पेलिंग चुकलं की गुपचूप नवंच व्हेरिएबल तयार होणार आणि उत्तर चुकणार!

गंमत म्हणजे १९६० च्या अल्गोल अहवालाच्या तेरा लेखकांत बॅकसही होता, आणि अल्गोलमध्ये प्रत्येक व्हेरिएबलचा प्रकार आधी सांगावाच लागे. पुढे फॉर्ट्रन ९० च्या प्रमाणातही 'इम्प्लिसिट नन' आलं. ते लिहिलं की सवलत बंद.

१९७७ मध्ये बॅकसला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये त्याचं निधन झालं.

मला विचाराल तर दहा ओळींच्या प्रोग्रामला ही सवलत ठीक आहे. पण ज्या आकड्यांवर उद्या पूल उभा राहणार, तिथे कंपायलरची कटकट सोसलेलीच बरी.