विंडोज वेगवान की लिनक्स? १८८९ मध्ये अशीच एक शर्यत जिंकणारे हर्मन हॉलरिथ कोण होते?

इथे संभाजीनगरात इंजिनिअरिंग करणाऱ्या माझ्या चुलत भावाने परवा एकच डेटाबेस दोन कॉम्प्युटरवर टाकला. एकावर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स. क्वेरी तीच. लिनक्सवर उत्तर झटकन आलं आणि त्याने निकाल देऊन टाकला. नंतर कळलं, लिनक्सवर ती क्वेरी तो दुसऱ्यांदा चालवत होता! दुसऱ्या वेळी डेटा बहुतेक आधीच मेमरीत असतो, मग उत्तर लवकर येणारच.

वेगाची तुलना करताना नेमकं काय मोजायचं, हा प्रश्न अमेरिकेच्या जनगणना खात्यापुढेही आला होता. तिथे बाजी मारली हर्मन हॉलरिथ यांनी.

हॉलरिथ यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. आई-वडील जर्मनीतून आलेले. १८७९ मध्ये खाणकामाचं शिक्षण संपवून ते जनगणनेच्या कामाला लागले. १८८० च्या त्या जनगणनेची आकडेमोड हाताने चालायची. ती संपायला सात-आठ वर्षं लागली.

हॉलरिथ यांनी आधी कागदाच्या लांब पट्टीवर छिद्रं पाडून पाहिली. पण एक नोंद हवी तर अख्खी पट्टी फिरवावी लागे. मग त्यांनी एका माणसासाठी एक कार्ड केलं. छिद्रातून सुई खाली जाते, पाऱ्याला टेकते, वीज वाहते आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरकतो. कार्डं हवी तशी वेगळी काढता येतात. माझ्या मते खरी कल्पकता विजेपेक्षा या कार्डात होती.

१८८९ मध्ये खात्याने तीन पद्धतींची परीक्षा घेतली. सेंट लुई शहरातल्या १०,४९१ लोकांची माहिती तिघांनाही सारखीच दिली. विल्यम हंट यांच्या रंगीत शाईच्या चिठ्ठ्यांना मोजणीसाठी ५५ तास २२ मिनिटं लागली. चार्ल्स पिजिन यांच्या रंगीत कार्डांना ४४ तास ४१ मिनिटं. हॉलरिथ यांच्या यंत्राला फक्त ५ तास २८ मिनिटं!

म्हणजे आठपट वेग? थांबा. आधी माहिती कार्डांवर उतरवायची होती. त्यात हॉलरिथ यांना ७२ तास २७ मिनिटं लागली, पिजिन यांना ११० तास ५६ मिनिटं. दोन्ही धरले तर हॉलरिथ यांचा वेळ पिजिन यांच्या निम्मा. खात्याने दोन्ही टप्पे वेगळे मोजले, म्हणून हे आज कळतं. भावाने तेवढंही केलं नव्हतं.

१८९० मध्ये यंत्राने सुमारे ६.२६ कोटी लोकसंख्या काढली, तर लोकांना साडेसात कोटींची अपेक्षा होती. मग यंत्रावरच टीका झाली.

हॉलरिथ यंत्रं विकत नसत, भाड्याने देत. १९०५ च्या सुमारास भाड्यावरून खात्याशी बिनसलं आणि खात्याने स्वतःची यंत्रं बनवायला घेतली. १९११ मध्ये हॉलरिथ यांची कंपनी इतर कंपन्यांत विलीन झाली. १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम झालं. तोवर हॉलरिथ शेतावर गाई पाळण्यात रमले होते. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं.