खिदमतीला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई

रमजानच्या दिवसांत पहाटे सहरीसाठी घराघरांत दिवे लागतात. त्या वेळी गावात आणखी एका ठिकाणी दिवा जळत असतो. तो असतो सरकारी दवाखान्याच्या प्रसूती विभागात. बुलढाणा असो, खामगाव असो की मलकापूर, रात्रपाळीची सिस्टर तिथे जागी असते. तिचा रोजा असला तर दोन खजुरा आणि घोटभर पाणी घेऊन ती पुन्हा कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी जाते. तिचा उपवास असला किंवा काहीच नसले, तरी तिची रात्र तशीच जाते. बाळ रडले की तेच हात पहिल्यांदा त्याला उचलतात. ते हात कोणत्या धर्माचे, हे त्या क्षणी कोणी विचारत नाही.

आज आपल्याला हे सहज वाटते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र आपल्या महाराष्ट्रात घरंदाज म्हणवणारी कोणतीही बाई हे काम करायला तयार नव्हती आणि तिच्या घरचे तिला ते करूही देत नव्हते. रोग्याचे अंग पुसणे, बाळंतिणीचे कपडे बदलणे, परक्याची जखम धुणे ही कामे हलकी समजली जात. या कामाला मान मिळवून देण्यासाठी ज्यांनी आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली, त्या रमाबाई रानडे यांची ही हकिकत. त्या स्वतः परिचारिका नव्हत्या. पण परिचारिकांची एक पिढी त्यांच्या आधाराने उभी राहिली.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचा. माहेरचे नाव यमुना, आडनाव कुर्लेकर. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलींना अक्षरओळख करून देण्याची पद्धत घरात नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी विधवेशीच लग्न करावे, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे ते नमले. त्यासाठी त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली.

पण त्यांनी एक केले. घरात आलेल्या या निरक्षर मुलीला शिकवायला त्यांनी लगेच सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. बाहेरचे लोक बोलले तर दार लावून घेता येते, घरातल्यांच्या बोलण्याला दार नसते. सासरच्या वडीलधाऱ्या बायकांना सुनेने पुस्तक हातात धरणे मुळीच मान्य नव्हते. टोमणे, अबोला, कामाचा बोजा हे सगळे रमाबाईंनी सोसले. उलट उत्तर द्यायचे नाही आणि अभ्यासही सोडायचा नाही, असा मार्ग त्यांनी धरला. पुढच्या आयुष्यात हाच धडा त्यांना फार उपयोगी पडला.

रानड्यांची बदली होत राहिली. नाशिक, धुळे, मग पुणे आणि सातारा भागातले दौरे. रमाबाई सोबत असत. नाशिकच्या शाळेत पाहुण्या म्हणून त्यांनी पहिले जाहीर भाषण केले, ते रानड्यांनी लिहून दिलेले होते. पुढे त्यांना लिहून देणाऱ्याची गरज उरली नाही. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन झाला, त्यातही त्या जाऊ लागल्या. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, ते आज हुजूरपागा म्हणून सर्वांना माहीत आहे. त्या प्रयत्नातही रानडे पतिपत्नी होते. १८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मुंबईत रमाबाईंनी हिंदू स्त्रियांसाठी क्लब काढला. तिथे भाषा, शिवणकाम, हस्तकला असे वर्ग चालत.

जानेवारी १९०१ मध्ये रानडे वारले. रमाबाई चाळिशीच्या आतबाहेर होत्या. न्यायमूर्तींची विधवा म्हणून उरलेले आयुष्य पुण्याच्या वाड्यात पूजाअर्चेत घालवले असते, तर लोकांनी त्यांना नावाजलेच असते. सुमारे वर्षभर त्या एकांतात राहिल्याही. नंतर मात्र त्या घराबाहेर पडल्या. तुरुंगातल्या स्त्री कैद्यांकडे जाऊ लागल्या, सुधारगृहातल्या मुलांना भेटू लागल्या, दवाखान्यातल्या रोग्यांना फळे, फुले, पुस्तके नेऊन देऊ लागल्या. रोगी आणि बाळंतीण कोणत्या हालात असतात, हे त्यांनी स्वतः पाहिले.

ते हाल काय होते, हे समजून घ्यायला हवे. बाळंतपण म्हणजे विटाळ अशी समजूत होती. घरातली सर्वांत अंधारी, कोंदट खोली बाळंतिणीला दिली जाई. सुईण यायची, तिच्या हाताला अनुभव असायचा. कित्येक जीव तिनेच वाचवले. पण तिला कोणी शिकवलेले नव्हते. हात साबणाने स्वच्छ धुवावेत, नाळ कापायचे हत्यार निर्जंतुक असावे, हे तिला सांगणारे कोणी नव्हते. त्यातून धनुर्वात होई, बाळंतरोग होई, आणि दोष नशिबाला दिला जाई. वर गंमत अशी की, जिच्या हातून वंशाचा दिवा घरात येई, तिला उंबऱ्याच्या आत बरोबरीने बसण्याचा मान नसे. मुसलमान घरांतही फार वेगळे नव्हते. पडद्यामुळे पुरुष डॉक्टर चालत नसे आणि शिकलेली बाई मिळत नसे.

देशात प्रयत्न सुरू झाले होते. १८८५ साली स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून डफरिन फंड निघाला. १८८६ साली मुंबईत एका पारशी दात्याच्या देणगीतून कामा रुग्णालय उघडले. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः प्लेगला बळी पडल्या. एवढे मोठे उदाहरण समोर असूनही नर्सिंग शिकायला येणाऱ्या हिंदू आणि मुसलमान मुली बोटावर मोजण्याइतक्याच होत्या. प्रशिक्षित परिचारिका बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती असत.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल मुंबईत एकत्र आले. मलबारी पारशी, गिदुमल सिंधी. स्त्रियांसाठी एक सदन असावे आणि भारतीय स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळावे, ही त्यांची कल्पना. कल्पना चांगली होती, पण लोकांनी आपल्या मुली पाठवाव्यात असा विश्वास कोण देणार? दोघे रमाबाईंकडे गेले. रमाबाईंनी होकार दिला आणि मुंबईचे सेवासदन उभे राहिले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात रमाबाईंनी आपल्या राहत्या वाड्यातच पुणे सेवासदन सुरू केले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले गोपाळ कृष्ण देवधर या कामात त्यांचे उजवे हात होते.

सुरुवात झाली लिहिण्या-वाचण्याच्या, शिवणाच्या वर्गांपासून. त्याला लोकांचा विरोध नव्हता. खरी कसोटी लागली ती पुण्याच्या ससून रुग्णालयात मुलींना परिचारिका आणि सुईणीच्या शिक्षणासाठी पाठवताना. हे रुग्णालय बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून उभे राहिलेले. त्या वॉर्डात ब्राह्मण विधवेने जायचे, सर्व जातिधर्मांच्या रोग्यांना हात लावायचा, रात्रपाळी करायची, ही गोष्ट पुण्यातल्या पुष्कळांच्या पचनी पडेना. आज हा विरोध फक्त जुनाट वाटेल. पण ज्या बाईला घरचे आधीच ओझे समजत होते, तिच्यासाठी एकदा उंबरा ओलांडला की परतीची वाट बंद होती.

रमाबाईंनी हे ओळखले होते. म्हणून त्यांनी नुसता उपदेश केला नाही, तर व्यवस्था उभी केली. शिकणाऱ्या परिचारिकांसाठी वेगळे वसतिगृह काढले, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी दुसरे. राहायला सुरक्षित जागा, जेवण, देखरेख आणि पाठीशी रानड्यांचे नाव. मुलीच्या काकाने किंवा दिराने तक्रार केली, तर उत्तर द्यायला न्यायमूर्तींची पत्नी उभी होती. स्वतःचे मोठे नाव दुसऱ्यांच्या डोक्यावर छत्रीसारखे धरणे, हे त्यांच्या नेतृत्वाचे मर्म होते.

त्यातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. सेवासदनाचा बक्षीस समारंभ होता. परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक विधवा, त्या काळच्या विधवेच्या वेषात, बक्षीस घ्यायला पुढे आली. प्रेक्षकांत बसलेल्या कॉलेजच्या तरुणांनी तिची हुर्यो उडवली. रमाबाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. शेवटी आभार मानायला उठल्या, तेव्हा मात्र त्यांनी त्या तरुणांना सर्वांसमोर खडसावले. शिकलेले म्हणवता आणि रूढीने पिचलेल्या, तरीही कष्टाने उभ्या राहिलेल्या बहिणीला हसता, हा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ज्या बाईने तरुणपणी घरातल्या टोमण्यांना कधी उलट उत्तर दिले नव्हते, ती दुसऱ्या बाईसाठी मात्र गप्प राहिली नाही.

हळूहळू चित्र बदलले. शिकून बाहेर पडलेल्या मुली दवाखान्यांत काम करू लागल्या, पगार घेऊ लागल्या. कालपर्यंत माहेरी-सासरी दुसऱ्याच्या तुकड्यावर जगणारी बाई आता भावाच्या मुलाच्या शिक्षणाला पैसे पाठवू लागली की, घरचा विरोध आपोआप मऊ होतो. मान भाषणाने थोडा मिळतो, हातातल्या कौशल्याने आणि स्वतःच्या कमाईने जास्त मिळतो, हे सेवासदनाने दाखवून दिले.

रमाबाईंनी सेवा दवाखान्याच्या भिंतींत ठेवली नाही. आळंदीच्या यात्रेला त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जात आणि वारकऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, देखभाल करत. आपल्याकडे सैलानी बाबांच्या यात्रेत किंवा शेगावच्या गर्दीत आरोग्य पथकातल्या भगिनी दिसतात, त्यांच्या वाटेवरची ही जुनी पावले. गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हाही रमाबाई मदतीला धावल्या. मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे, स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा, यासाठीही शेवटपर्यंत झटल्या. दरम्यान १९१० साली त्यांनी पतीच्या आठवणी पुस्तकरूपाने लिहिल्या. अकराव्या वर्षी अक्षर न ओळखणाऱ्या बाईचे ते पुस्तक मराठीत आजही वाचले जाते.

१९२४ साली रमाबाई वारल्या, तेव्हा पुणे सेवासदनाच्या वेगवेगळ्या विभागांत हजारावर स्त्रिया शिकत होत्या. सेवासदनाचे काम पुढे सोलापुरात गेले, नागपुरातही सेवासदन उभे राहिले. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

या कामात एक उणीवही होती, ती लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीला सेवासदनाचा लाभ जास्त करून उच्चवर्णीय घरांतल्या स्त्रियांनाच झाला. पिढ्यान्पिढ्या बाळंतपणे करणाऱ्या गावच्या सुईणीपर्यंत, मुसलमान मोहल्ल्यातल्या दाईपर्यंत हे शिक्षण पोहोचायला पुढे कित्येक वर्षे लागली. १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा झाला, १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मग कुठे हा व्यवसाय कायद्याच्या चौकटीत नीट उभा राहिला. आज जिल्ह्यातल्या उपकेंद्रावरची नर्सताई, वस्तीवर फिरणारी आशाताई, जिल्हा रुग्णालयातली अधिसेविका यांच्यात सर्व समाजांच्या लेकी आहेत. बुरखा काढून खुंटीला लावून गणवेश चढवणारी मुलगीही त्यांच्यात आहे. तिच्या वाटेतला पहिला काटा कोणी काढला, हे तिच्या घरच्यांनीही जाणून घ्यावे.

पण त्या वाटेवरचे सगळे काटे निघालेत असे नाही. मुलीला नर्सिंगला पाठवायचे म्हटले की अजूनही काही घरांत कपाळाला आठ्या पडतात. रात्रपाळी आहे म्हणून ठरत आलेली सोयरीक मोडते. वॉर्डात रोग्याचे नातेवाईक डॉक्टरांशी हात जोडून बोलतात आणि सिस्टरवर आवाज चढवतात. रमाबाईंच्या समारंभात हुर्यो उडवणारे ते तरुण आजही कधी कधी आपल्यातच बसलेले असतात.

रमजानच्या महिन्यात खिदमत हा शब्द आपण वारंवार ऐकतो. जकात, फित्रा, इफ्तार हे तर आहेच. पण ज्यांनी खिदमत हेच आपले रोजचे काम केले, त्यांना मान देणे हाही त्याचाच भाग आहे. ईदच्या सकाळी काही सिस्टर ड्यूटीवर असतील, काहींची ईद असेल, काहींची नसेल. आपल्या घरचा शिरखुर्मा वाटताना एक डबा त्यांच्या टेबलावर पोहोचवू या. आणि डबा ठेवताना दोन शब्द आदराने बोलू या.