धम्माचं ज्ञान दारापर्यंत आणणारे धर्मानंद कोसंबी

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे, त्यात तुम्हीही काही लिहा, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. आम्ही पडलो लातूरच्या डाळ मिलमध्ये पाळी करणारे. शाळा अर्ध्यावर सुटली, जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. त्या वाचनात एक माणूस भेटला, त्याची ओळख आपल्या उपासक-उपासिकांना करून द्यावी असं वाटलं.

विषय तसा आपल्या घरचाच आहे. आपल्याकडे दर रविवारी वंदना होते. त्रिसरण, पंचशील लहान लेकरांनाही तोंडपाठ आहे. पण बाळा, तू आत्ता जे म्हणालास त्याचा अर्थ काय, असं विचारलं की लेकरू आईकडे बघतं, आई बापाकडे बघते आणि बाप भन्तेजींकडे बघतो. आणि भन्तेजी वर्षावासात आले तर आले. अर्थ सांगणारा माणूस जवळ नसला की वंदनेचा मंत्र व्हायला वेळ लागत नाही. मग ज्या पोथीपुराणातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढलं, त्यात आणि यात फरक तो काय राहिला? म्हणून ज्यांनी पालीतलं ज्ञान मराठीत आणलं आणि ते सांगणारी माणसं तयार केली, त्या धर्मानंद कोसंबी यांचं जीवन आपण समजून घेतलं पाहिजे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ या गावी झाला. घर सारस्वत ब्राह्मणाचं, पण परिस्थिती साधारण. नारळाच्या बागा राखायच्या हेच काम. शिक्षण म्हणाल तर गावठी शाळेतलं जुजबी मराठी. लहान वयात, १८९१ साली, बाळाबाईंशी लग्न झालं. अशा माणसाला बुद्ध कुठे भेटावेत? तर १८९७ साली 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात. त्यात बुद्धांच्या जीवनावर एक लेख होता, तो त्यांनी वाचला. त्या काळी बुद्धांवर इंग्रजीत मोठमोठे ग्रंथ निघत होते, पण त्यातला एकही त्या बागेपर्यंत पोचला नव्हता. पोचलं ते मुलांचं मासिक, कारण ते मराठीत होतं. वाचकहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

त्या लेखाने त्यांना झोप येईना. हा धम्म मुळातून शिकायचा असा निश्चय करून १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. घरात बायको आणि तान्ही मुलगी होती. त्यांनी थोर काम केलं, पण त्याची किंमत बाळाबाईंनीही मोजली, हे आमच्या आयाबहिणींनी वाचताना विसरू नये. नवरा ज्ञानासाठी बाहेर पडला तरी घरची चूल बाईलाच पेटवावी लागते.

आधी ते पुण्याला आले. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला. पण बुद्धधम्म शिकवणारा गुरू पुण्यात नव्हता. मग ग्वाल्हेर, काशी. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. तिथून १९०२ साली नेपाळला गेले, तर बुद्धांच्या जन्मभूमीकडच्या त्या देशातही त्यांची निराशाच झाली. बुद्धगयेला गेले, तेव्हा कळलं की पाली शिकायची तर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जावं लागेल. पदरात पैसा नाही, ओळखपाळख नाही, तरी गेले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पाली शिकले, श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात भिक्खू म्हणून राहिले.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे. आज आपल्याला त्रिपिटक देवनागरीत मिळतं. त्या काळी तसं नव्हतं. सिलोनातल्या पोथ्या सिंहली लिपीत, ब्रह्मदेशातल्या तिथल्या लिपीत, विलायतेत छापलेल्या रोमन लिपीत. पाली ही भारताची भाषा, पण भारतातल्या अक्षरात तिचे ग्रंथ मिळणं मुश्कील. धर्मानंदांनी त्या परक्या लिप्या गिरवल्या, तेव्हा कुठे बुद्धवचन त्यांच्या हाती लागलं.

१९०६ साली चीवर उतरवून ते पुन्हा लोकांत आले. कलकत्त्याला पाली शिकवू लागले. तिथे चांगला पगार होता, मान होता. पण आपल्या मराठी माणसाला याचा काय उपयोग, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी देकार दिला, की महाराष्ट्रात कुठेही राहा, महिना ५० रुपये देऊ, तुम्ही वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. धर्मानंदांनी कलकत्त्याची नोकरी सोडली आणि ५० रुपये पत्करले. जास्त पगार सोडून कमी पगारावर येणारा माणूस आम्ही मिलमध्ये अजून बघितला नाही. पण त्याच निर्णयामुळे मराठीत धम्म आला. बडोद्याला त्यांनी दिलेली व्याख्यानं १९१० साली 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने छापली गेली. त्या पुस्तकात साध्या भाषेत आहे सगळं, कुणीही वाचावं असं.

त्याच साली त्यांना अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणं आलं. बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ शुद्ध करून छापायचा होता. ज्याच्याकडे कुठल्याही विद्यापीठाची पदवी नाही, त्याला जगातल्या मोठ्या विद्यापीठाने बोलावलं! कामाच्या श्रेयावरून तिथे मतभेद झाले, तेव्हा १९१२ साली ते परत आले. त्या कामासाठी पुढेही ते अमेरिकेला जाऊन आले. तो हार्वर्डचा ग्रंथ शेवटी १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पण त्याआधी १९४० साली तोच ग्रंथ त्यांनी आपल्या देवनागरीत आणला होता.

१९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवीत होते. आमच्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम ते हेच. एकट्याने किती लिहावं आणि किती बोलावं? त्यांनी सांगणारी माणसं घडवली. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे हे त्यांच्या हाताखाली तयार झाले. राजवाड्यांनी दीघनिकाय मराठीत आणायला घेतला. भागवतांनी पाली ग्रंथ देवनागरीत छापून घेतले. बापटांनी १९५६ साली बौद्ध धम्माच्या २५०० वर्षांच्या इतिहासाचा ग्रंथ संपादित केला. एका दिव्याने दुसरा दिवा लावतात, तसं झालं.

पुढे ते गुजरात विद्यापीठात होते, १९२९ साली रशियात लेनिनग्राडला जाऊन आले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. आणि १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा राहिला, तिथे राहायला गेले. हार्वर्ड बघून आलेला पंडित गिरणीच्या भोंग्याखाली राहिला. विहाराचं नावसुद्धा बघा, बहुजन विहार. आम्हा गिरणी-मिलवाल्यांना याचा अभिमान का वाटू नये?

आता त्यांच्या लिखाणाकडे वळू. त्यांचं 'भगवान बुद्ध' हे पुस्तक निघालं. पुढे साहित्य अकादमीने ते भारतातल्या इतर भाषांतही नेलं. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी बघून सिद्धार्थाने घर सोडलं, ही गोष्ट आपण ऐकत आलो. धर्मानंदांनी जुनी सुत्तं तपासून सांगितलं की ही कथा मागाहून जोडलेली आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होत, हत्यारं उचलली जात, त्या भांडणाचा वीट येऊन सिद्धार्थ बाहेर पडले. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही चार दृश्यांची कथा बाजूला सारून रोहिणीच्या पाण्याचा वादच मांडलेला आहे.

हे लातूरकरांना वेगळं समजावून सांगायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदीचा हुकूम निघाला. एका घागरीसाठी शेजारी शेजाऱ्याला ओळखत नव्हता. म्हणजे बुद्धांपुढचा प्रश्न आकाशातला नव्हता, आपल्या नळावरचाच होता. जाणकाराने नीट सांगितलं की धम्म असा जवळ येतो.

नांदेडकरांसाठीही एक गोष्ट आहे. धर्मानंदांनी सुत्तनिपाताचं मराठी भाषांतर केलं, ते पुस्तकरूपाने १९५५ साली निघालं. त्यात शेवटी बावरीची कथा येते. बावरी हा ब्राह्मण गोदावरीच्या काठी, अस्सक देशाच्या बाजूला राहत होता. त्याने आपले १६ शिष्य मगधापर्यंत बुद्धांकडे प्रश्न विचारायला पाठवले. त्यातला पिंगिय हा म्हातारा, थकलेला, तोच परत गोदावरीकाठी आला आणि जे शिकला ते त्याने बावरीला सांगितलं. अर्धापूर तालुक्यात दाभडच्या बावरीनगरला दरवर्षी धम्म परिषद भरते, आपण गाड्या करून जातो. पण त्या नावामागे ही कथा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? धर्मानंद हेही एक पिंगियच. दूर गेले, शिकले आणि परत येऊन सांगितलं.

आता काही बांधव विचारतील की हा माणूस तर जन्माने ब्राह्मण, गांधीजींच्या मार्गाचा, त्याचं कौतुक आपण का करावं? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांचा मार्ग आणि त्यांचा मार्ग एक नव्हता. आयुष्याच्या शेवटी पार्श्वनाथाच्या मार्गाचा त्यांच्यावर प्रभाव होता. आजारपणात सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडलं आणि जून १९४७ मध्ये देह ठेवला. देह असा सोडणं आम्हाला पटत नाही, तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला आहे. पण ज्ञान कुणी आणलं यावरून ते नाकारायचं नसतं, तपासून घ्यायचं असतं. बाबासाहेब स्वतः पाली शिकले. त्यांनी तयार केलेला पालीचा कोश शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखनाच्या सोळाव्या खंडात छापला. इतक्या व्यापात जर बाबासाहेबांना कोश करायला वेळ मिळाला, तर आपल्याला आठवड्यात एक तास मिळत नाही हे कसं पटावं?

मृत्यूपूर्वी धर्मानंदांची एक इच्छा होती, की हुशार मुलांना पाली शिकायला सिलोनला पाठवावं. आपला पुतळा उभारा असं काही त्यांनी मागितलं नाही, पुढचे शिकवणारे मागितले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे. पण दर्जा दिल्लीत मिळतो, अर्थ गल्लीत सांगावा लागतो. बाबासाहेबांच्या नावाच्या आपल्या मराठवाडा विद्यापीठात पाली शिकण्याची सोय आहे. तेव्हा या वर्धापनदिनी आमची समाजाला विनंती आहे, की कमानीला आणि मंडपाला जसा वर्गणीचा पैसा देतो, तसा थोडा बाजूला काढावा आणि वस्तीतल्या एका मुलाला किंवा मुलीला पाली शिकायला पाठवावं. अट एकच घालावी. शिकून झालं की दर रविवारी विहारात येऊन, सतरंजीवर आपल्यात बसून, एका गाथेचा अर्थ सांगायचा. आजीला समजेल असा सांगायचा. आजीने शंका विचारली तर तिचं उत्तर द्यायचं.

इतकं झालं तर दहा वर्षांनी आपल्या विहारात अर्थ विचारल्यावर कुणी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणार नाही. धर्मानंद कोसंबी यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.