लाल दिवा महाराजांचा, निळा महाराणींचा: इंदूरच्या होळकरांची ड्यूसेनबर्ग आज अनमोल का मानली जाते?

गाडीच्या पुढचा लाल दिवा लागला असेल तर गाडी स्वतः महाराज चालवतायत आणि निळा लागला असेल तर महाराणी. इंदूरच्या एका मोटारीबद्दल ही गोष्ट आजही सांगितली जाते. लांबलचक बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली शेपटी आणि काळा-नारिंगी रंग असलेली ही स्पोर्ट्स कार होती अमेरिकन ड्यूसेनबर्ग आणि तिचे मालक होते महाराजा यशवंतराव होळकर दुसरे.

आज जगातल्या जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये या गाडीचं नाव आदराने घेतलं जातं. पण ज्या माणसाने ती बनवून घेतली, त्याने पुढे किंमत वाढेल म्हणून ती घेतली होती का? तर नाही. मग हौसेची गाडी ठेवा कशी बनली? त्यासाठी आधी यशवंतराव कोण होते ते बघावं लागेल.

१७व्या वर्षी गादीवर

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. मल्हारराव आणि अहिल्यादेवींचं हे घराणं. वडील तुकोजीराव तिसरे यांची कारकीर्द एका खून प्रकरणाने संपली. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. होळकरांच्या दरबारातून निघून गेलेली मुमताज बेगम तेव्हा त्याच्यासोबत होती. संशयाची सुई इंदूर दरबाराकडे वळली. इंग्रज सरकारने चौकशी किंवा गादी सोडणं असे दोन पर्याय ठेवले. तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली आणि १७ वर्षांचे यशवंतराव महाराज झाले.

त्याआधी, १९२४ मध्ये त्यांचं लग्न झालं होतं. महाराणी संयोगिताबाई या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. कणकवलीहून फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूर गाठलं की तिथून थोड्याच अंतरावर हे कागल. म्हणजे निळा दिवा जिच्यासाठी लागायचा, ती महाराणी आपल्याच भागातली.

यशवंतरावांचं शिक्षण इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डला झालं. तिथे त्यांची ओळख झाली एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाशी. पुढे १९३० पासून याच मुथेसियसने इंदूरमध्ये त्यांच्यासाठी माणिकबाग हा महाल उभा केला. घुमट नाहीत, नक्षी नाही. सरळ रेषा, काच, पोलाद आणि युरोपातल्या सर्वांत आधुनिक कलाकारांचं फर्निचर. शिल्पकार ब्रांकुसीची ‘अवकाशातील पक्षी’ ही शिल्पंही महाराजांनी घेतली. मॅन रे या प्रसिद्ध छायाचित्रकाराने या जोडप्याचे फोटो काढले.

मोटारींचा शौकही याच आवडीतून आलेला. इतर अनेक संस्थानिकांना गाडी मिरवणुकीसाठी लागायची. यशवंतरावांना ती चालवायला आवडायची.

अमेरिकेचं इंजिन, लंडनची बॉडी

ड्यूसेनबर्ग ही फ्रेड आणि ऑगस्ट या जर्मनीत जन्मलेल्या भावांची अमेरिकन कंपनी. १९२४, १९२५ आणि १९२७ अशा तीन वर्षी त्यांच्या गाड्यांनी इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली होती.

त्या काळात महागडी गाडी आजच्यासारखी शोरूममधून तयार मिळत नसे. कंपनी इंजिन आणि सांगाडा, म्हणजे चॅसी द्यायची. त्यावरची बॉडी दुसरा कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे बांधायचा. होळकरांच्या गाडीची चॅसी अमेरिकेची आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याची. १९३६ च्या सुमारास ती तयार झाली. सुपरचार्जर लावलेलं ६.९ लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन, ताकद ३२० अश्वशक्ती. ९० वर्षांपूर्वीच्या रस्त्यांवर हे आकडे म्हणजे कहरच होता.

तिचं आकर्षण फक्त वेगाचं नव्हतं. तशी दुसरी गाडी कुणाकडेच नव्हती.

आणि मग किंमत कोसळली

१९३७ हे वर्ष वाईट ठरलं. संयोगिताबाईंचं ऐन तारुण्यात स्वित्झर्लंडमध्ये निधन झालं. त्याच वर्षी ड्यूसेनबर्ग कंपनीही बंद पडली. पाठोपाठ दुसरं महायुद्ध आलं, पेट्रोलवर रेशन आलं.

बंद पडलेल्या कंपनीची, पेट्रोल पिणारी, सुटे भाग न मिळणारी अवजड गाडी कोण घेणार? १९४० च्या दशकात अमेरिकेतही ड्यूसेनबर्ग जुन्या बाजारात मूळ किमतीच्या किरकोळ हिश्शात विकल्या जात होत्या. गुंतवणूक म्हणून बघितलं तर हा निव्वळ तोट्याचा सौदा होता.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. ५ डिसेंबर १९६१ रोजी यशवंतरावांचं मुंबईत निधन झालं, तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. जुन्या मोटारींचा आजचा बाजार त्यांनी पाहिलाच नाही. अमेरिकेत पेबल बीचचं मोटार प्रदर्शन १९५० मध्ये सुरू झालं आणि अशा गाड्यांना ‘क्लासिक’ म्हणून मान मिळायला तेव्हा कुठे सुरुवात होत होती.

होळकरांची ड्यूसेनबर्गही भारताबाहेर गेली. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनाकोच्या लिलावात विकलं गेलं. ब्रांकुसीचे दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरातल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहेत. ज्या महालात हे सगळं होतं, तिथे आज केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आहे.

मग किंमत वाढते कशाने?

अभिनेता गॅरी कूपर याची १९३५ ची ड्यूसेनबर्ग २०१८ च्या लिलावात २ कोटी २० लाख डॉलरना गेली. तेव्हाच्या दराने साधारण दीडशे कोटी रुपये. तशा आखूड चॅसीच्या गाड्या फक्त दोनच बनल्या होत्या. यावरून हिशोब लक्षात येतो.

पहिली गोष्ट, संख्या. ड्यूसेनबर्गच्या या ‘जे’ मालिकेतल्या गाड्या सगळ्या मिळून ४८० च्या आसपासच बनल्या. दुसरी, मालक कोण होता आणि त्याचा पुरावा आहे का. तिसरी, मूळ इंजिन, चॅसी आणि बॉडी एकत्र टिकलीत का. आणि चौथी गोष्ट पैशाने मिळत नाही. मधली पडती वर्षं कुणीतरी ती गाडी भंगारात न घालता सांभाळावी लागते. बहुतेक वेळा फायदा पहिल्या मालकाला होत नाही, तो या सांभाळणाऱ्यांच्या साखळीतल्या शेवटच्याला होतो.

आपल्याकडे याचं छोटं रूप रोज दिसतं. एकेकाळी घराघरात असलेली यामाहा आरएक्स १०० बंद झाली, लोकांनी मिळेल त्या भावात काढून टाकली आणि आज चांगल्या स्थितीतली, कागदपत्रं नीट असलेली एखादी निघाली तर गिऱ्हाइकं धावत येतात. ज्यांनी ती कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत गंजू न देता ठेवली, त्यांनी भाव वाढणार म्हणून ठेवली नव्हती. त्यांना तिचा आवाज आवडायचा.

अर्थात होळकरांच्या हौसेला दुसरी बाजूही आहे. त्या पैशामागे एका संस्थानाचा महसूल होता, म्हणजे शेवटी रयतेचा घाम. आणि जे विकत घेतलं गेलं, त्यातलं बरंचसं आज इंदूरकरांना पाहायलाही मिळत नाही. जुन्या मोटारी परदेशी पाठवण्यावर सरकारने बंधनं आणली ती १९७० च्या दशकात. तोवर अनेक संस्थानिकांच्या गाड्या जहाजात चढल्या होत्या.

म्हणून ‘पुढे भाव येईल’ या आशेवर महागडी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने हा इतिहास जरूर बघावा. किंमत चढायच्या आधी ती कित्येक वर्षं उतरते. विमा, गॅरेज आणि दुरुस्तीचा खर्च मात्र दरवर्षी येतोच. भाव कधीच वाढला नाही तरी जी गाडी चालवून समाधान मिळेल, तीच घ्यावी आणि तिची कागदपत्रं मात्र पहिल्या दिवसापासून जपावीत.