देहव्यथा आणि चित्तस्थैर्य : ब्लेझ पास्कल यांचे चरित्र

चित्त ढळण्यास महाव्याधीच लागते असे नाही. दात ठणकला, मस्तक जड झाले, कानाशी माशी गुणगुणली, एवढ्यानेही चिंतनाचा धागा तुटतो. या विषयी फ्रान्समधील गणिती व धर्मचिंतक ब्लेझ पास्कल यांचे चरित्र दृष्टान्तरूपाने पाहण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी क्लेर्माँ येथे झाला. मातेचे छत्र बालपणीच हरपले. सोळाव्या वर्षी त्यांनी शंकुच्छेदांवर निबंध रचला. पुढे करवसुलीच्या कामी असलेल्या पित्याचे हिशेबाचे कष्ट वाचावेत म्हणून गणनयंत्र निर्माण केले. बुद्धी अशी तीक्ष्ण, परंतु देह दुर्बळ. वयाच्या अठराव्या वर्षापासून त्यांचा एकही दिवस व्यथेवाचून गेला नाही, असे त्यांच्या ज्येष्ठ भगिनी झिल्बेर्त यांनी लिहून ठेविले आहे. १६४७ मध्ये पायांतील शक्ती गेली व कुबड्या घ्याव्या लागल्या. मस्तकशूळ व पोटातील दाह तर नित्याचाच. पेयदेखील कोमट करून थेंबाथेंबाने घ्यावे लागे.

या अनुभवामुळेच मनुष्याच्या बुद्धीचे सामर्थ्य व तिची पराधीनता या दोन्ही गोष्टी त्यांनी जाणल्या. थोर न्यायाधीशाचाही विचार एका माशीच्या गुणगुणण्याने खुंटतो, हे त्यांच्या निधनानंतर १६७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पाँसे' या ग्रंथात त्यांनी दाखविले आहे.

१६५८ मध्ये एके रात्री दंतशूळाने निद्रा नाहीशी झाली. तेव्हा त्यांनी चित्त एका गणिती प्रश्नाकडे वळविले : चाक भूमीवरून फिरत असता त्याच्या परिघावरील बिंदू कोणती वक्ररेषा काढतो, व तिचे गुणधर्म कोणते? विचार गाढ होताच वेदना विरली. परंतु हा उपाय कायमचा ठरला नाही. १६५९ पासून प्रकृती इतकी ढासळली की दीर्घकाळ विचार करणेही अशक्य झाले. ज्या बुद्धीचा आश्रय घेतला, तीच रोगाने हिरावून नेली.

मग उरले काय? रुग्णावस्थेवरील आपल्या प्रार्थनेत त्यांनी आरोग्य मागितले नाही, रोगही मागितला नाही; प्राप्त व्यथेचा सदुपयोग घडावा एवढेच मागितले. १६६२ मध्ये त्यांनी घरी आश्रय दिलेल्या गरीब कुटुंबातील मुलास देवी आल्या. आजारी बालकास बाहेर काढण्याऐवजी, स्वतः व्याधिग्रस्त असताना पास्कल यांनीच घर सोडले व ते भगिनीकडे गेले. तेथेच १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचा देह पडला.

दार्ष्टान्तिक असे : वेदना जाणवणे हा देहधर्म आहे, तिने मन विचलित झाले म्हणून साधकाने खचून जाऊ नये. मी वेदना जिंकली, असा अभिमानही धरू नये, कारण एक माशी तो उतरविते. बुद्धी थकली तरी आपल्या दुःखावरून दृष्टी काढून दुसऱ्याच्या दुःखाकडे वळविणे शक्य असते. तेवढे साधले तर रुग्णशय्याही व्यर्थ जात नाही.