रक्ताला जात चिकटवणाऱ्यांना उत्तर देणारा शास्त्रज्ञ : जे. बी. एस. हॉल्डेन

१ डिसेंबर १९६४ रोजी ओरिसातील भुवनेश्वर येथे एका भारतीय नागरिकाचे कर्करोगाने निधन झाले. जन्म इंग्लंडमधील ऑक्सफर्डचा. घराणे स्कॉटलंडमधील खानदानी. चुलते ब्रिटनचे युद्धमंत्री आणि पुढे लॉर्ड चॅन्सेलर. अशा घरातल्या माणसाने वयाच्या पासष्टाव्या वर्षी आपला देश सोडला, भारताचे नागरिकत्व घेतले आणि मरताना आपला देह काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना देऊन टाकला. त्यांचे नाव जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन. जग त्यांना जे. बी. एस. म्हणून ओळखते.

शाळा-महाविद्यालयात जीवसृष्टीच्या उगमाचा धडा शिकताना ओपॅरिन यांच्या जोडीला हॉल्डेन यांचे नाव येते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. परंतु आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने हे नाव विसरता कामा नये. रक्तात श्रेष्ठ-कनिष्ठ असते, गुण आणि दोष जातीतच मुरलेले असतात, असे सांगणाऱ्यांना ज्या शास्त्रज्ञांनी गणित मांडून उत्तर दिले त्यात हॉल्डेन पहिल्या रांगेत होते. आणि विदर्भापासून किनवट-माहूरपर्यंत आपल्या माणसांना छळणारा सिकलसेल हा आजार का टिकून राहिला, हे समजण्याची किल्लीही त्यांनीच हाती दिली.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ चा. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे मोठे अभ्यासक. खाणीत विषारी वायूने मजूर का मरतात, याचा शोध घेण्यासाठी ते स्वतः खाणीत उतरत आणि लहानग्या मुलालाही सोबत नेत. एकदा त्यांनी मुलाला वायू साचलेल्या जागी उभे करून नाटकातले भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात मुलगा धापा टाकत खाली कोसळला. जमिनीलगतची हवा चांगली होती म्हणून तो शुद्धीवर राहिला. वायू हलका असतो आणि वर साचतो, हा धडा त्याला पुस्तकाविना मिळाला. पुढे आयुष्यभर हॉल्डेन यांनी प्रयोग आधी स्वतःच्या शरीरावर केले. १९३९ साली थेटिस ही पाणबुडी बुडून ९९ माणसे मेली, तेव्हा आत काय घडले असेल हे तपासण्यासाठी ते स्वतः बंद पेटीत बसले.

आपल्या मुलांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाकडे विज्ञानाची पदवी नव्हती. ऑक्सफर्डला ते गणित आणि ग्रीक-लॅटिन शिकले. बहीण नाओमी हिच्यासोबत घरी प्राणी पाळून त्यांनी आनुवंशिकतेचे नियम पडताळले. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये लढले आणि १९१५ साली, युद्ध चालू असतानाच, उंदरांवरील त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या निबंधातला एक सहकारी तोवर रणांगणावर मारला गेला होता. नंतर हॉल्डेन मेसोपोटेमियात जखमी झाले, उपचारासाठी त्यांना भारतात पाठवले गेले आणि या देशाशी त्यांची पहिली ओळख झाली.

१९२३ पासून ते केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. तेथे एका विवाहितेच्या घटस्फोटाच्या खटल्यात त्यांचे नाव आले आणि विद्यापीठाच्या सहाजणांच्या समितीने अनैतिक वर्तनाचा ठपका ठेवून त्यांना काढून टाकले. हॉल्डेन गप्प बसले नाहीत. त्यांनी अपील केले, जिंकले आणि नोकरी परत मिळवली. याच काळात त्यांनी विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने किती वेगाने काम करतात, याचे समीकरण ब्रिग्ज यांच्यासह १९२५ साली मांडले. ते आजही शिकवले जाते.

जनुक आणि प्रथिन यांचे नाते काय, हे इथे समजून घेऊ. खरेदीखताचा मूळ दस्त निबंधकाच्या कार्यालयात राहतो आणि बाहेर त्याची नक्कल जाते. नकलेत जे लिहिले असेल त्यावर पुढचा व्यवहार होतो. पेशीतही असेच चालते. जनुक हा मूळ दस्त. तो डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्याची नक्कल तयार होते आणि त्या नकलेतील तीन-तीन अक्षरे वाचून पेशी एकेक अमिनो आम्ल जोडत जाते. अशी वीस प्रकारची अमिनो आम्ले ठरलेल्या क्रमाने जोडली की प्रथिन बनते. शरीरातले बहुतेक काम प्रथिने करतात. प्राणवायू वाहणे, अन्न पचवणे, जखमेवर रक्त गोठवणे ही त्यांची कामे. आता दस्तात गट नंबरचा एक आकडा चुकला तर काय होते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. जनुकातील अशा बदलालाच उत्परिवर्तन म्हणतात. काही बदलांनी काहीच बिघडत नाही. काही बदलांनी प्रथिनाचा आकार किंवा स्वभाव बदलतो. काहींमुळे वाक्य मध्येच तुटते आणि प्रथिन तयारच होत नाही.

हॉल्डेन यांच्या तरुणपणी डीएनएची रचना कोणाला माहीत नव्हती. ती १९५३ साली कळली. तरीही जनुकाचा प्रभाव रासायनिक क्रियांतून दिसतो, हे त्यांनी फार आधी ओळखले होते. १९२७ पासून लंडनजवळच्या जॉन इन्स संस्थेत त्यांच्या प्रोत्साहनाने रोझ स्कॉट-मॉनक्रीफ यांनी फुलांच्या रंगांचा अभ्यास केला आणि एका जनुकाच्या बदलाने रंगद्रव्यात नेमका कोणता फरक पडतो हे दाखवले.

याच जॉन इन्स संस्थेचे पहिले संचालक विल्यम बेटसन होते. हे नाव 'जातिसंस्थेचे निर्मूलन' वाचलेल्यांना परके नाही. १९३६ सालच्या त्या ग्रंथात, जातिव्यवस्था म्हणजे वंशशुद्धीचे शास्त्र आहे या दाव्याचा समाचार घेताना बाबासाहेबांनी आनुवंशिकतेवरील बेटसन यांच्या पुस्तकाचा आधार घेतला आहे. बुद्धीसारखे गुण एखाद्या साध्या नियमाने बापाकडून मुलाकडे जात नाहीत, हा त्याचा आशय. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला जे भाषण पेलले नाही, त्या भाषणात त्या काळचे आनुवंशिकीशास्त्र होते, हे आपण किती जणांना सांगतो?

बरोबर त्याच वर्षांत युरोपात वंशशुद्धीच्या नावाने कायदे होत होते. १९३३ साली हिटलरच्या जर्मनीने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. ब्रिटनमधील प्रतिष्ठित मंडळीही गरिबांना आणि मतिमंदांना मूल होऊ देऊ नये असे बोलत होती. हॉल्डेन तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होते. १९३८ साली त्यांनी आनुवंशिकता आणि राजकारण या विषयावर पुस्तक लिहून या विचाराची चिरफाड केली. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. बहुतेक दोष निरोगी माणसांत लपून राहतात. ज्यांच्यात ते उघड दिसतात त्यांची नसबंदी करून ते संपत नाहीत. शिवाय नवीन उत्परिवर्तने कोणत्याही घरात होतच राहतात.

हे त्यांनी हवेत म्हटले नाही. १९३५ साली रक्त न गोठण्याचा आजार, म्हणजे हिमोफिलिया, घेऊन त्यांनी मानवी जनुक किती वेळा बदलते याचा पहिला अंदाज काढला. तो साधारण पन्नास हजारांत एक असा आला. या आजाराचे सर्वांत गाजलेले घराणे कोणते? व्हिक्टोरिया राणीचे! तिच्या वंशातून हा दोष रशियाच्या झारच्या मुलापर्यंत पोहोचला. २००९ साली झारच्या कुटुंबाच्या अस्थी तपासून शास्त्रज्ञांनी तो बदल रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात असल्याचे सिद्ध केले. ज्या रक्ताला जग राजरक्त म्हणून मुजरा करत होते, त्या रक्ताला गोठताही येत नव्हते. उत्परिवर्तन राजवाडा पाहत नाही आणि झोपडीही पाहत नाही.

आता आपल्या घरातल्या प्रश्नाकडे येऊ. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन हे प्रथिन प्राणवायू वाहते. त्याच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सिकलसेलमध्ये जनुकातील एकच अक्षर बदलते, जीएजी च्या जागी जीटीजी होते, आणि साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून लांब दांडे बनतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. म्हणून ते असह्य दुखणे, म्हणून ती पंडुरोगी लेकरे. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही काही दिवसांतच फुटते. हा प्रथिनाचा आजार आहे, हे १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दाखवले आणि चूक नेमकी कोणत्या जागी आहे, हे १९५० च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधले.

मग इतके घातक जनुक पिढ्यान्पिढ्या टिकले कसे? १९४८ साली स्टॉकहोमच्या परिषदेत हॉल्डेन यांनी थॅलेसेमिया या रक्ताच्याच दुसऱ्या आजाराबद्दल एक तर्क मांडला. आई-बापांपैकी एकाकडूनच असे जनुक मिळालेला माणूस आजारी पडत नाही, उलट तो मलेरियाला जास्त तोंड देऊ शकत असावा. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलबाबत नेमके हेच दाखवून दिले. म्हणजे जिथे मलेरिया होता तिथे याच अक्षराने लाखो लेकरे वाचवली. ज्यांना गावकुसाबाहेर, जंगलात, डासांच्या तोंडी राहावे लागले, त्यांच्या पूर्वजांच्या जगण्याची ती खूण आहे. हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे, देवीचा कोप नव्हे आणि कुळाचा कलंक तर मुळीच नव्हे.

हॉल्डेन यांचेही पाय मातीचेच होते, हे सांगितले पाहिजे. ते कम्युनिस्ट झाले, कामगारांच्या दैनिकात त्यांनी विज्ञानावर शेकडो सोपे लेख लिहिले. पण स्टॅलिनच्या रशियात लायसेन्कोने आनुवंशिकीशास्त्राचा गळा घोटला आणि वाव्हिलोव्हसारखा थोर शास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मेला, तरी हॉल्डेन उघडपणे ठाम बोलायला कचरले. पुढे १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले. पक्षनिष्ठा सत्याच्या आड येऊ देऊ नये, हा धडा प्रत्येक चळवळीने घ्यावा, आपणही.

सुएझवरील ब्रिटनच्या हल्ल्याचा निषेध करत १९५७ साली ते पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. भारतीय वेश घातला, तरुण संशोधक घडवले, नातेसंबंधातील विवाहांचा त्यांच्याकडून अभ्यास करून घेतला. १९६१ मध्ये संस्था सोडली आणि पुढे भुवनेश्वरला प्रयोगशाळा उभारली. तिथेच त्यांचा अंत झाला.

त्यांचे शास्त्र आज आपल्याला काय सांगते? १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद जगापुढे ठेवली. तेव्हापासून हा आजार पूर्वाश्रमीच्या महारांचा, आदिवासींचा, असा शिक्का बसला. वास्तविक तो इतर मागासवर्गीयांतही सापडतो. जनुकाला जात नसते, पण जातीने लग्नाची दारे बंद केली की जनुकही त्याच कोंडवाड्यात फिरत राहते. स्वजातीतच विवाह हा जातीचा प्राण आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच सांगून ठेवले. त्यात आपल्याकडे मामाच्या मुलीवर अजून हक्क सांगितला जातो!

गणित साधे आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. एकच वाहक असेल तर आजारी मूल होत नाही. म्हणून लग्नाआधी पत्रिका नव्हे, रक्त तपासा. विरघळण्याची साधी चाचणी आणि पुढे इलेक्ट्रोफोरेसिस यातून वाहक कळतो. वाहक मुलीचे लग्न मोडणे हा मात्र नवा मनुवाद होईल. तपासणी दोघांची झाली पाहिजे, बोट एकटीकडे दाखवायचे नाही. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत हजारो मुले सहाव्या जागेवरचे व्हॅलिन पाठ करतात. त्यांतल्या किती जणांनी स्वतःचे रक्त तपासले आहे?

१ जुलै २०२३ रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्याचा भर आदिवासी भागावर आहे आणि तो हवाच. पण बौद्ध वस्त्यांतील तपासणीची मागणी आपल्यालाच लावून धरावी लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने सिकलसेलला दिव्यांगत्व मानले. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणात पाच टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. परंतु कलम ३४ मधील नोकरीच्या चार टक्के आरक्षणात रक्ताचे आजार घातलेलेच नाहीत. जो तरुण महिन्यातून चार दिवस वेदनेने अंथरुणावर असतो, त्याला शिक्षणाचा दरवाजा उघडायचा आणि नोकरीचा बंद ठेवायचा, हा कुठला न्याय? आणि २०२३ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या जनुकीय उपचाराची किंमत वीस लाख डॉलरहून अधिक. चूक दुरुस्त करणारे शास्त्र आले, पण ते कोणाच्या दाराशी?

हॉल्डेन यांनी ज्ञान प्रयोगशाळेत कोंडले नाही, ते कामगारांच्या वर्तमानपत्रात आणले. येत्या ६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करताना प्रत्येक विहारात, प्रत्येक वसतिगृहात एक रक्त तपासणी शिबिर ठेवा. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी त्यासाठी एक टेबल लागेल, एवढेच.